मीठ, साखर आणि सहीचा अधिकार

प्रशासनावरील लेखांमध्ये शरीरशास्त्राचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मीही बराच काळ हा विषय डॉक्टरांचा म्हणून बाजूला ठेवला होता. परंतु माणसाच्या शरीरातील पाणी आणि क्षार यांचा समतोल ही गोष्ट जितकी वैद्यकाची, तितकीच ती कारभाराची आहे, हे मला एका प्रसंगाने शिकविले. तो प्रसंग आधी सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

माझी बहुतेक नोकरी पूर्व भारतात गेली. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका पूरग्रस्त उपविभागाचा अधिकारी होतो. पुराचे पाणी ओसरू लागले की जुलाबाची साथ सुरू होते, हा तिकडचा दरवर्षीचा अनुभव. आदल्या वर्षी मदतसाहित्याच्या वाटपात घोळ झाल्याचा लेखापरीक्षणाचा आक्षेप आलेला होता. त्यामुळे मी रुजू होताच एक परिपत्रक काढले. गटविकास अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाखेरीज गोदामातून कोणतीही वस्तू बाहेर जाऊ नये, असा त्याचा आशय होता. ताडपत्री, पोहे, गूळ, केरोसीन अशी वस्तूंची यादी सोबत जोडली होती आणि त्या यादीच्या शेवटी ओआरएसची पाकिटेही होती.

एका रात्री नदीच्या बांधावर आश्रय घेतलेल्या कुटुंबातील चार वर्षांची मुलगी जुलाबाने दगावली. गोदाम तेथून नऊ किलोमीटरवर होते. मुलीचा बाप संध्याकाळी गोदामाच्या दारापर्यंत येऊन गेला होता. गटविकास अधिकारी नावेने दुसऱ्या टोकाला गेले होते आणि गोदामपालाने नियमाचे पालन केले. पुढे रीतसर चौकशी झाली. तीत कोणीही दोषी ठरले नाही, कारण प्रत्येकाने नियमाप्रमाणेच काम केले होते. नियम मात्र माझा होता.

बांधावर मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्या कुटुंबाच्या ताडपत्रीखाली आम्हीच वाटलेला गूळ होता, मिठाची पुडी होती आणि पाणी उकळण्यापुरते सरपणही होते. त्या तीन वस्तू एकत्र करून घोट घोट पाजायच्या असतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. जुलाब होत असताना पाणी दिले तर ते आणखी वाढतात, या समजुतीने त्या मुलीला दिवसभर पाणीही दिले गेले नव्हते. हे सांगणे आपले काम आहे, असे मलाही तोपर्यंत वाटले नव्हते.

शरीराचा जमाखर्च

त्यानंतर मी या विषयावरील मिळेल ते वाचू लागलो. माणसाच्या वजनाचा साधारण साठ टक्के भाग पाण्याचा असतो. साठ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषात ते सुमारे छत्तीस लिटर भरते. त्यापैकी दोन तृतीयांश पेशींच्या आत व एक तृतीयांश पेशींच्या बाहेर असते. रक्तवाहिन्यांतील रक्तद्रवाच्या वाट्याला यातले जेमतेम तीन लिटर येतात. पेशीबाहेरच्या पाण्यात सोडियम मुबलक आणि पोटॅशियम थोडे, तर पेशींच्या आत नेमके उलट. हा फरक टिकविण्यासाठी शरीर अहोरात्र ऊर्जा खर्च करीत असते. नसांतील संदेश, स्नायूंचे आकुंचन, हृदयाचा ठोका हे सारे या फरकावर चालते.

आता आतड्याचा हिशेब पाहा. आपण दिवसाकाठी अन्नपाण्यातून दोन लिटरच्या आसपास द्रव घेतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा व आतड्याचा रस मिळून शरीर स्वतःच आणखी सहा-सात लिटर द्रव पचनमार्गात ओतते. म्हणजे रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात येतो आणि त्यातील शंभर-दोनशे मिलिलिटरच शौचावाटे बाहेर पडतो. उरलेला सर्व परत शोषला जातो. कोणत्याही कोषागाराला हेवा वाटावा असा हा ताळेबंद आहे.

पटकीत हा ताळेबंद कोलमडतो. जंतूंचे विष आतड्याच्या अस्तरातील पेशींना क्षार व पाणी सतत बाहेर टाकावयास लावते. तीव्र रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत द्रव जाऊ शकतो. वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास द्रव गेला की नाडी लागेनाशी होते, डोळे खोल जातात, मूत्र थांबते. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस संध्याकाळपर्यंत मरतो तो यामुळे. आपल्याकडे गावाच्या वेशीवर मरीआईचे ठाणे असे. बंगालमध्ये हाच अधिकार हिंदूंनी ओलाईचंडीकडे आणि मुसलमानांनी ओलाबिबीकडे दिला होता. ज्या आजारात माणूस असा काही तासांत मरतो, त्याची जबाबदारी देवीवर सोपविण्यापलीकडे लोकांच्या हाती काही नव्हते.

खरे तर उत्तर सापडले होते, आणि तेही फार लवकर.

सापडलेले आणि हरवलेले उत्तर

१८३१ साली बंगालमधून निघालेली पटकी इंग्लंडात पोहोचली. विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी हा बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर सुंदरलँड येथे गेला आणि त्याने रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. रक्तातील पाणी, मीठ व अल्कली मोठ्या प्रमाणात नाहीशी झाली असून नेमके तेच शरीरात परत घातले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढल्याच वर्षी, १८३२ च्या मे महिन्यात, स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लट्टा या डॉक्टरने तो अमलात आणला. मरणासन्न वृद्धेच्या शिरेत त्याने मीठ व सोड्याचे पाणी सोडले. अर्ध्या तासात तिचा चेहरा उजळला, नाडी परतली. बाई वाचली असे समजून तो तिला दुसऱ्याच्या स्वाधीन करून निघून गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांतच ती मरण पावली.

त्याची चूक उपचारात नव्हती. गेलेले पाणी एकदा भरून दिले की काम संपले, असे त्याने मानले. गळती चालू असेल तोवर भरपाईही चालू ठेवावी लागते. पुराची मदत एकदाच वाटून फोटो काढणाऱ्या आम्हा लोकांना हा धडा नवा नाही. लट्टा पुढल्या वर्षी वारला. साथ ओसरली आणि त्याचा उपचार वैद्यकाच्या व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला. मधल्या काळात रुग्णांचे रक्त काढणे व त्यांना जुलाबाची औषधे देणे चालूच होते. म्हणजे ज्याची तिजोरी रिकामी होत आहे, त्याच्यावरच कर बसविला जात होता.

ओ'शॉनेसीचे पुढे काय झाले, हे प्रशासनाच्या अभ्यासकाला ठाऊक असावे. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आला, तेथील मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला, आणि १८५० च्या दशकात हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे त्याच्याच देखरेखीखाली उभे राहिले. या देशात संदेश हजारो मैल पोहोचविण्याची व्यवस्था त्याने केली. पण त्याच्या तरुणपणीचा, पटकीच्या रोग्याला मीठपाणी द्यावे हा संदेश मात्र त्याच बंगालमधील खेड्यांत पोहोचण्यास आणखी शंभरावर वर्षे लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात शिरेवाटे अधिक तीव्र क्षारद्रव देण्याची पद्धत बसविली आणि साठ टक्क्यांच्या घरातील मृत्युप्रमाण निम्म्यावर आणले. पुढे ही पद्धत सुधारत गेली व चांगल्या रुग्णालयात पटकीने मरणे जवळजवळ थांबले. अडचण होती ती 'चांगल्या रुग्णालयात' या दोन शब्दांची. शिरेवाटे द्रव देण्यास निर्जंतुक बाटल्या लागतात, सुया लागतात आणि प्रशिक्षित हात लागतात. पटकी मात्र जेथे यातले काहीच नसते तेथेच येते.

तोंडावाटे का नाही?

मग हेच पाणी तोंडाने का देऊ नये? कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ते दिले. सौम्य व मध्यम लक्षणांच्या १८६ रुग्णांना त्यांनी मीठ व ग्लुकोजचे पाणी पाजले, जोडीला उलटी थांबविण्याचे औषध व एका वनस्पतीच्या पानांचा रस दिला आणि आपला अनुभव नोव्हेंबर १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, किती द्रव गेला व किती दिला याची मोजदाद नव्हती, हे आक्षेप खरेच होते. परंतु आक्षेप घेणाऱ्यांपैकी कोणी नीट मोजदाद करून पाहण्यासही पुढे आले नाही. टिपणीत त्रुटी आहे म्हणून नस्ती बंद करायची, त्रुटी दूर करून ती पुढे पाठवायची नाही, हा रोग केवळ सरकारी कचेऱ्यांचा नाही.

त्या काळी शास्त्रज्ञांची एक पक्की समजूत होती. पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते, तेव्हा तोंडाने दिलेले काही शोषले जाणे शक्यच नाही. ही समजूत दोन-तीन ठिकाणांहून खिळखिळी झाली. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ दे यांनी सशांवरील प्रयोगांतून दाखविले की, पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि त्या विषामुळे आतड्यात द्रव साचतो. अगदी साध्या साधनांनी केलेले हे मूलभूत संशोधन होते. १९६० मध्ये बँकॉक येथे युजीन गंगारोसा यांनी रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासले, तेव्हा अस्तर शाबूत आढळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी असा सिद्धांत मांडला की, आतड्याची पेशी ग्लुकोज आत घेते ती सोडियमच्या सोबतीने. एक दार आहे आणि त्यातून साखर व मीठ दोघांनी जोडीने आत जायचे असते. ते आत गेले की पाणी आपोआप त्यांच्या मागे जाते.

पटकीचे विष हे दार बिघडवीत नाही. साऱ्या प्रकरणाची किल्ली येथे आहे. एका बाजूने द्रवाची गळती चालूच राहते, पण हे दुसरे दार उघडे असते. नुसते पाणी दिले तर क्षारांची भरपाई होत नाही. नुसते मीठपाणी दिले तर ते पुरेसे शोषले जात नाही. साखर फार झाली तर ती उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते. दोन्ही योग्य प्रमाणात असतील तरच काम होते.

हे ज्ञान रुग्णापर्यंत नेण्याचे श्रेय बऱ्याच जणांचे आहे. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की, जितका द्रव शरीराबाहेर जातो तितका मोजून तोंडाने देत राहिल्यास शिरेवाटे द्यावयाच्या द्रवाची गरज सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी होते. कलकत्त्यातील जॉन्स हॉपकिन्स केंद्रातही त्याच सुमारास असेच प्रयोग चालू होते. परंतु हे सर्व रुग्णालयाच्या भिंतींच्या आत होते. प्रशिक्षित कर्मचारी प्रत्येक तासाचा हिशेब ठेवीत होते आणि तसा हिशेब ठेवल्यावाचून हा उपचार देणे धोक्याचे आहे, असे जाणकारांचे मत होते.

बनगाव, १९७१

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. जेसोर रोडने येणाऱ्या लोंढ्यांचे पहिले मोठे गाव म्हणजे बनगाव. पावसाळा तोंडावर होता आणि छावण्यांत पटकी पसरली. कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स केंद्रातील डॉक्टर दिलीप महालनबीस जूनच्या अखेरीस तेथे पोहोचले. ते स्वतः पूर्व बंगालच्या किशोरगंज भागात १९३४ साली जन्मलेले, म्हणजे समोरचे लोक एका अर्थी त्यांचेच गाववाले होते. स्थानिक रुग्णालयाच्या दोन खोल्यांत रुग्ण जमिनीवर पडले होते. शिरेत सुई लावण्यासाठी त्यांच्या विष्ठेत आणि वांतीत गुडघे टेकून बसावे लागे. शिरेवाटे द्यावयाच्या द्रवाचा साठा अपुरा होता आणि तो देण्याचे प्रशिक्षण त्यांच्या पथकातील दोघांनाच होते. अठ्ठेचाळीस तासांत त्यांच्या लक्षात आले की या मार्गाने आपण हरणार.

त्यानंतर त्यांनी जे ठरविले, ते वैद्यकीय शोध म्हणून सांगितले जाते. माझ्या मते तो आधी प्रशासकीय निर्णय होता. एक लिटर पाण्यासाठी बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम खाण्याचे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा एवढेच सोपे मिश्रण त्यांनी निवडले. कलकत्त्यातील केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत एक जण ग्लुकोज तोलू लागला, दुसरा मीठ, तिसरा सोडा. प्लास्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीने बंद केल्या गेल्या. एका लिटरचा खर्च अकरा पैसे आला. छावणीत मोठ्या पिंपांना तोट्या बसविल्या, त्यांत हे पाणी कालवून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. आई मुलाला पाजू लागली, नवरा बायकोला. किती पाजायचे याचे गणित साधे होते. रुग्णाला तहान आहे तोवर पाजत राहायचे.

म्हणजे जे काम करण्याचा अधिकार तोवर प्रशिक्षित कर्मचाऱ्याचा होता, तो त्यांनी निरक्षर निर्वासित बाईच्या हाती दिला. वैद्यकीय मत त्या वेळी त्यांच्या बाजूने नव्हते. मृत्युदर वाढला असता तर सारी जबाबदारी एकट्या महालनबीसांवर आली असती. वाढला नाही. आधी शंभरातले तीसजण मरत होते, तेथे त्यांच्या केंद्रात हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. तीन हजारांहून अधिक रुग्णांना तेथे उपचार मिळाले. हे पाणी कसे कालवावे याची पत्रके सीमेवर वाटली गेली आणि बांगलादेशच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही ती कृती सांगितली गेली. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ या छावणीत येऊन गेले. हा उपचार संघटनेच्या गळी उतरविण्यात पुढे त्यांचा मोठा वाटा राहिला. १९७८ साली 'लॅन्सेट'ने साखर व सोडियम जोडीने शोषले जातात या शोधाची गणना शतकातील संभाव्यतः सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली.

काही वर्षांपूर्वी पेट्रापोलच्या सीमाचौकीवर बैठकीसाठी गेलो असता मी मुद्दाम बनगावला थांबलो. इच्छामती नदी, जेसोर रोडवरची जुनी प्रचंड झाडे, मालमोटारींची रांग. संध्याकाळी रुग्णालयाच्या आवारात नातेवाईक डबे उघडून बसले होते. मला त्या चार वर्षांच्या मुलीच्या बापाची आठवण झाली. १९७१ मध्ये या जागी एका डॉक्टरने ज्याला विश्वासाने पेला दिला असता, त्याच माणसाला कितीतरी वर्षांनंतर माझ्या परिपत्रकाने गोदामाच्या दारातून परत पाठविले होते.

मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट

बनगावचा धडा सर्वांत नेटाने गिरविला तो बांगलादेशाने. फजले हसन आबेद यांनी स्थापन केलेल्या 'ब्रॅक' या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे गावोगाव स्त्री कार्यकर्त्या पाठवून घरोघरी आयांना हे पाणी करावयास शिकविले. पाकीट नाही, तराजू नाही. अर्धा शेर पाणी, मूठभर गूळ आणि तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढे मीठ. सुमारे सव्वा कोटी घरांपर्यंत त्या पोहोचल्या.

त्यातील दोन गोष्टी प्रशासकाने वहीत टिपून ठेवाव्यात अशा आहेत. पहिली म्हणजे वेतन. कार्यकर्तीने किती घरे केली यावर तिचे पैसे ठरत नसत. काही आठवड्यांनी तपासनीस येई, शिकविलेल्या आयांपैकी काहींना प्रश्न विचारी, त्यांच्याकडून पाणी करवून घेई आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवी. आईला किती येते, यावर कार्यकर्तीचे पैसे ठरत. आमच्याकडे 'प्रशिक्षण दिले' अशी नोंद झाली की काम पूर्ण होते. तेथे ती आई शिकल्यावर काम पूर्ण होत असे.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. आयांना कृती बिनचूक येत होती, तरी आजारात तिचा वापर करणाऱ्या फार थोड्या होत्या. शोध घेता असे आढळले की, शिकविणाऱ्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता आणि स्वतःला जुलाब झाले तर ते गोळ्या घेत. मग त्यांना बोलावून हे पाणी शरीरात नेमके काय करते ते समजावून दिले गेले. ते जाहीरपणे स्वतः पिऊन दाखवू लागले, पुरुषांनाही सभांतून सांगितले जाऊ लागले आणि चित्र पालटले. आज बांगलादेशात 'खाबार स्यालाइन' म्हणजे खाण्याचे सलाईन हा शब्द घरगुती झाला आहे.

आपल्याकडे

भारतात हे शास्त्र जन्मले म्हणावे इतका त्यात कलकत्त्याचा वाटा आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. जुलाब झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी ओआरएस मिळालेली मुले २००५-०६ मध्ये २६ टक्के होती, २०१५-१६ मध्ये ५०.६ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ६०.६ टक्के. प्रगती निश्चित आहे. २०१४ पासून पावसाळ्याच्या तोंडावर विशेष अतिसार नियंत्रण मोहीम घेतली जाऊ लागली आणि आशा कार्यकर्ती पाकीट थेट घरी पोहोचवू लागली, याचा त्यात हातभार आहे. पण पाकीट वीस-पंचवीस रुपयांच्या आत मिळते, सरकारी केंद्रात फुकट मिळते, आणि तरी पाचांतील दोन मुलांना ते मिळत नाही.

असे का व्हावे? २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात कर्नाटक व बिहारमधील दोन हजारांहून अधिक खाजगी वैद्यकीय व्यावसायिकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ओआरएस चांगले हे त्यातील बहुतेकांना ठाऊक होते. तरी ते लिहून देत नव्हते, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण असे निघाले की, रुग्णालाच ते नको असते, त्याला 'खरे औषध' हवे असते, अशी त्यांची समजूत होती. न दिल्या गेलेल्या ओआरएसपैकी ४२ टक्के भाग या एका समजुतीच्या खाती गेला. प्रत्यक्षात रुग्णाने ते मागितले तर व्यावसायिक ते देत होते. लोकांना काय हवे हे त्यांना न विचारताच ठरवून टाकण्याची सवय केवळ आम्हा अधिकाऱ्यांची नाही, एवढेच समाधान.

दुसरी बाजू बाजाराची. फळांच्या स्वादाची गोड पेये ओआरएसच्या नावाने विकली जात होती. जास्त साखर जुलाबात अपायकारक असते, हे वर आलेच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्याची मुभा काढून घेतली. खरे पाकीट ओळखणे सोपे आहे. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुधारलेल्या सूत्रानुसार त्यात एका लिटरसाठी २०.५ ग्रॅम मिश्रण असते. ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराईड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घराबाहेर दूर राहणाऱ्या आपल्या वाचकांपैकी कोणाला आईने आजारपणात दिलेली मीठ घातलेली तांदळाची पेज आठवत असेल. तीही चालते. पिष्टाचे आतड्यात ग्लुकोजच होते.

महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये कोलकात्यात निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. बनगावनंतर एक्कावन्न वर्षांनी.

माझ्या परिपत्रकाचे काय झाले, हे सांगून थांबतो. त्या घटनेनंतर आठवड्याभरात मी ते दुरुस्त केले. ओआरएसची पाकिटे यादीतून वगळली आणि पावसाळ्यापूर्वीच प्रत्येक गावातील अंगणवाडीत, शाळेत व नावाड्याकडे ठेवली, हिशेब नंतर द्यावा या अटीवर. पुढल्या वर्षी लेखापरीक्षकांनी काही शे पाकिटांचा हिशेब लागत नसल्याचा परिच्छेद लिहिला. मी उत्तरात ती वापरली गेली असावीत असे म्हटले. परिच्छेद बराच काळ प्रलंबित राहिला. माझ्या बदलीच्या वेळी तो माझ्या नावावर होता.

त्यानंतर नव्या जागी रुजू झालो की मी पहिल्या आठवड्यात एक काम करीत आलो. माझ्या सहीवाचून कोणत्या गोष्टी अडतात याची यादी मागवायची, आणि तीत अशी एखादी वस्तू आहे का ते पाहायचे, जिची गरज माझ्या सहीपेक्षा लवकर संपते. बहुतेक वेळा अशी वस्तू सापडते. सेवेत नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींची पत्रे मला येतात, सुरुवात कोठून करावी असे ते विचारतात. त्यांनी या यादीपासून करावी.